एकोणीस नंबर

संध्याकाळी सहा चाळीसला जयंती नाल्याच्या अलीकडे,
पिराजी गवळ्यांच्या गोठ्यात,
मी तोंडात नळी धरून उभी असते.
काचेची नळी, रबराची पुंगळी, मध्ये बारीक जाळी.
जाळी फाटली तर डास थेट घशात.
एकदा गेलाय. चव काहीच नव्हती.

टॉर्चचा गोल भिंतीवरून सरकतो.
खुंटीवरच्या घोंगडीच्या घडीत,
पेंडीच्या पोत्यांमागे, गव्हाणीच्या अंधाऱ्या बाजूला
त्या बसलेल्या असतात,
मोहरीएवढं पोट तांबडं, तट्ट.
श्वास हळू आत घ्यायचा. जोरात घेतला तर पाय तुटतात,
आणि पाय तुटले की जात ओळखता येत नाही.
पंधरा मिनिटं, एक गोठा.
सापडतील त्या गुणिले चार:
दर माणशी, दर तासाला इतक्या.

"डास मोजून काय हुतंय वो मॅडम?
मारायचं सोडून."
पिराजीअण्णा धार काढता काढता विचारतात.
चरवीतला आवाज आधी पत्र्याचा असतो,
मग फेसाचा.
मी उत्तर देत नाही. तोंडात नळी आहे.

ओळखपत्रावर लिहिलंय: कीटक समाहारक.
या पदाला स्त्रीलिंग नाही.
मला ते कधी खटकलं नाही,
आमच्यात बायकाही घरातून निघताना 'जातो' म्हणतात.
चावणाऱ्या मात्र सगळ्या माद्या.
नरांसाठी वहीत रकाना आहे,
त्यात बहुतेक वेळा शून्य.

श्रावण संपता संपता
नदीपलीकडच्या वाडीत सात वर्षांचं एक पोर
तापात आईला ओळखेना झालं.
चौगुले साहेबांनी फोनवर एवढंच विचारलं,
तुमच्या भागात घनता किती?
मी आकडा सांगितला. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग चौतीस पोटं मी गोल कागदांवर चिरडली,
प्रत्येक डागाखाली पेन्सिलीने नंबर,
आणि पुण्याला पाठवली.
रक्त कुणाचं, एवढंच कळवा.

सव्वीस दिवसांनी अहवाल आला.
म्हैस, सत्तावीस.
माणूस, चार.
कळत नाही, दोन.
आणि एकोणीस नंबरपुढे: म्हैस अधिक माणूस.

एकोणीस नंबर मला आठवते.
त्या रात्री पाखरीचे दिवस भरले होते,
अण्णा तिच्या पाठीला पाठ लावून पोत्यावर झोपले होते.
हिने अर्धं इकडून घेतलं, अर्धं तिकडून.
एवढ्याशा पोटात दोघांचं रक्त,
आणि निराळं करायला पुण्याची प्रयोगशाळा.

अहवाल घेऊन मी मुद्दाम गोठ्यावर गेले.
म्हटलं, अण्णा, हा ताप बगळ्यांच्या रक्तात असतो,
डुकरांत वाढतो, डास तो उचलतो.
पण म्हशीला चावला तर तिथंच विझतो.
तुमच्या म्हशी गल्लीचे डास अंगावर घेतायत,
म्हणून माणसं फक्त चार.

अण्णांचा हात थांबला.
पाखरीच्या मानेवरचे फोड त्यांनी एकेक करून चाचपले,
जणू पहिल्यांदाच.
"म्हंजे आमचं दुखणं ही खाती व्हय?"

पुढच्या गुरुवारी गोठ्यात कडुलिंबाचा धूर.
खिडकीला हिरवी जाळी, कोपऱ्यात हप्त्यावरचा पंखा,
रेडकाच्या अंगावर आक्कांच्या जुन्या लुगड्याचं पांघरूण.
अण्णा दारात उभे, लग्नघरातल्या माणसासारखे.
"आता मोजा."

पंधरा मिनिटांत तीन.
गुणिले चार, बारा.
इतका छान आकडा या गोठ्यात मी कधी लिहिला नव्हता.

वही मिटली.
चप्पल घातली.
आणि धूर ज्या बाजूला जात होता
त्या बाजूच्या घराची कडी वाजवली.
आत पाळणा हलत होता.
मी टॉर्च लावला, पाळण्यामागच्या भिंतीवर धरला,
आणि नळी तोंडात घेतली.